मोगऱ्याला हाडांचा चुरा घालावा का?

दापोलीला घालावा. पुण्यात किंवा सोलापुरात जमिनीतल्या मोगऱ्याला घातला, तर तो बहुतेक वाया जातो. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट आम्लातच विरघळतं. देशावरच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा साडेसातच्या वर असतो, तिथे तोच चुरा महिनोन्‌महिने जसाच्या तसा पडून राहतो. चुलीच्या राखेचंही तेच. कोकणात ती मातीची आम्लता कमी करते आणि वर पालाश देते. देशावर आधीच चढलेला सामू आणखी चढवते. अंड्याच्या टरफलांचा भुगा काळ्या मातीत घालणाऱ्यांनी तर एकदा खणून पाहावं, पांढरी चुनखडी त्या मातीत मुळातच असते. तरीही घरच्या फुलबागेबद्दल जो सेंद्रिय सल्ला रोज कानावर पडतो, त्यात तुमची माती कुठली, पाणी कुठलं, ऊन किती तास, हे प्रश्न आधी विचारले जात नाहीत. आधी येते ती कृती: अमुक चमचे, तमुक दिवस आंबवा, गाळा, फवारा.

या विषयाचा धांडोळा घेताना मला वारंवार जाणवलं ते हेच. युरियाची पिशवी आणि कीडनाशकाची बाटली बाजूला ठेवून त्या जागी सेंद्रिय द्रावणाची बाटली आणली, तर बाग सेंद्रिय होत नाही. फुलांचा बहर ज्या गोष्टींवर ठरतो त्यांतल्या बहुतेक फवाऱ्याच्या आधीच ठरलेल्या असतात.

फुलबाग सेंद्रिय का हवी, हाही प्रश्न लोक विचारतात. भाजी पोटात जाते, फूल थोडंच जातं? पण घरचं फूल कुठे कुठे जातं ते पाहा. गावठी गुलाबाचा गुलकंद होतो, गोकर्णाच्या फुलांचा चहा होतो, जास्वंद खोबरेल तेलात उकळून डोक्याला लागते. गजरा दिवसभर केसांत असतो, मोगऱ्याची ओंजळ नाकाशी धरली जाते, लहान मूल गुलाबाची पाकळी हमखास तोंडात घालतं. भाजीच्या बाबतीत कीडनाशकांच्या अवशेषांची निदान चर्चा होते. फुलांच्या बाबतीत ती क्वचितच होते. आणि बाल्कनीतली फवारणी म्हणजे घरातच फवारणी. खिडकी दोन हातांवर असते.

सेंद्रिय पद्धतींचा आपल्याकडचा प्रवास थोडा मागून पाहिला, तर आजचा गोंधळ कळतो. आल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत आले आणि १९३१ पर्यंत तिथे होते. शेतातला पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि थोडी राख यांचे थर लावून, ढीग ठरावीक काळाने उलथवून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. १९३१ साली ती ज्या ग्रंथात मांडली गेली, त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. आपल्या वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. हॉवर्डनी भर दिला तो कुजण्याच्या क्रियेवर: हवा, ओल, आणि हिरव्या-सुक्या काडीकचऱ्याचं प्रमाण. तिथे जादूचं द्रावण नाही.

पुढे कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून तोच धागा घरापर्यंत आणला. माती विकत आणायची वस्तू नाही, पाचोळ्यापासून ती घरी तयार करता येते. आणि झाडाच्या पानांवर पडणारं ऊन हीच खरी कमाई, तिचा हिशोब ठेवा, हे त्यांचं सांगणं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांत आणि थोड्याशा मातीत झाडं वाढवून दाखवली. पुण्यात आजही कित्येक गच्च्यांवर विटांच्या वाफ्यात तळाला रसवंतीची चिपाडं, वर पाचोळा आणि सर्वांत वर चार बोटं माती असा थर दिसतो, तो या परंपरेतला. गच्चीला वजन झेपतं आणि पाणी साचत नाही, हे दोन फायदे तर रोकडे आहेत.

तिसरा प्रवाह विदर्भातल्या सुभाष पाळेकरांचा. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि जीवामृत घराघरांत पोहोचलं. मूळ कृती एकरासाठी आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती. घरच्या बादलीसाठी दहा लिटर पाण्याला अर्धा किलो शेण आणि शंभर-शंभर ग्रॅम गूळ-बेसन एवढंच पुरतं. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळलं की दोन-तीन दिवसांत तयार होतं. पण ते खत म्हणून मोजू नये. त्यातला नत्र फारच थोडा. त्याचं काम सूक्ष्मजीवांना चालना देण्याचं. खाली पाचोळ्याचं आच्छादन असेल तर त्या जीवांना खायला काही असतं. उघड्याबोडक्या कुंडीत ओतलेलं जीवामृत पाण्याबरोबर तळाच्या भोकातून निघून जातं. पाळेकर स्वतः आच्छादनावर तेवढाच भर देतात, पण घरोघरी पोहोचली ती फक्त बादली.

या तिन्ही प्रवाहांत मला घरच्या बागेसाठी सर्वांत उपयोगी वाटतो तो पाचोळ्याचा धागा, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. स्वयंपाकघरातला ओला कचरा बहुतेक जण आता डब्यात जिरवू पाहतात. डबा वास मारू लागला, पाणी सुटलं, अळ्या झाल्या की हात टेकतात. कारण जवळजवळ नेहमी एकच: सुकं कमी पडलं. भाजीच्या देठांत, फळांच्या सालांत नत्र आणि पाणी भरपूर. त्यांना जोड हवी ती कर्बयुक्त सुक्या पानांची. कर्ब आणि नत्राचं प्रमाण तीसास एकच्या आसपास असलं की कुजणं नीट चालतं. ते तोलायची गरज नाही, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर आकारमानाने तेवढाच किंवा जास्त पाचोळा टाकला की पुरतं. जानेवारी ते एप्रिल रस्त्याकडेला पानांचे ढीग पेटवले जातात. त्यांतली दोन पोती घरी आणून ठेवली तर वर्षाची सोय होते. डब्यात दिसणाऱ्या जाडसर तपकिरी अळ्या बहुधा सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा वेगाने फस्त करतात, झाडाला काही करत नाहीत. एक काळजी मात्र घ्यावी. घरचा छोटा डबा मोठ्या ढिगासारखा तापत नाही, त्यामुळे रोगाची बीजं त्यात मरत नाहीत. काळे ठिपके पडलेली गुलाबाची पानं त्यात टाकू नयेत. निर्माल्य अवश्य टाकावं, दोरा, तार आणि जरी काढून.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्यावं. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळं खातात. चांगल्या शेणखतातही नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो, म्हणून शेवंती, गुलाब यांसारख्या खादाड झाडांना पेंडीची जोड लागते. निंबोळी पेंडीत नत्र पाचेक टक्के, शेंगदाण्याच्या पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास. शेंगदाणा पेंड तीन-चार दिवस भिजवून, ते पाणी दहापट पातळ करून पंधरवड्याने दिलं तर कुंडीतल्या झाडाला लवकर लागू पडतं. वास येतो हे खरं, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं. उरलेल्या चहापत्तीचं म्हणाल तर दूध-साखर धुऊन टाकली असेल तर ती साधा सेंद्रिय कचरा आहे, न धुता टाकली तर मुंग्यांना आमंत्रण. केळ्याच्या सालाचं पाणी, कांद्याच्या सालाचं पाणी, तांदळाचं धुवण यांत अपाय काही नाही, पण त्यांवर बहर अवलंबून आहे असं समजू नये. ती सालं खताच्या डब्यात गेली तर जास्त कामाला येतात.

आता माती. रोपवाटिकेतून आणलेलं रोप लाल चिकट मातीच्या गोळ्यात बसवलेलं असतं. तो गोळा तसाच मोठ्या कुंडीत ठेवला तर मुळं त्यातच फिरत राहतात. बाजूची माती ओली आणि गोळा आतून कोरडा, अशा अवस्थेत नवं रोप महिन्याभरात मान टाकतं. गोळा पाण्यात थोडा भिजवून कडेची माती हलक्या हाताने सोडवावी. कुंडीत निव्वळ काळी माती कधीच भरू नये. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. पोयटा किंवा लाल माती, कुजलेलं खत आणि कोकोपीट किंवा पाचोळा असे साधारण समान भाग बहुतेक फुलझाडांना मानवतात. कोकोपीट आधी दोनदा धुवावं, त्यात क्षार असतात.

देशावरच्या शहरांत बोअरचं जड पाणी हा फुलबागेचा खरा शत्रू आहे, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. जास्वंद, अनंत, मोगरा, गुलाब यांची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. लोक खत वाढवतात. खरं तर ही लोहाची उणीव असते. मातीत लोह असतंच, पण जड पाण्याने सामू चढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. इथे उपाय म्हणजे कुजलेलं खत सातत्याने देणं, चिमूटभर शेतीचं गंधक मातीत मिसळणं (सेंद्रिय शेतीत ते चालतं) आणि पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवून नाजूक झाडांना तेवढं तरी देणं. पहिल्या चांगल्या पावसानंतर कुंड्या एकदम ताज्यातवान्या दिसतात. त्यामागे साठलेले क्षार धुऊन जाणं हे एक मोठं कारण आहे.

आणि मग वेळ. फुलझाडांच्या बाबतीत मला वाटतं, निम्मी बाग पंचांगावर उभी असते. मोगऱ्याला विश्रांती लागते. नोव्हेंबर अखेरीस पाणी तोडून, पानं गळू देऊन, थंडी सरताना निम्म्यापर्यंत छाटणी आणि मग खत, पाणी सुरू केलं की मार्च ते जून तो लगडतो. वर्षभर लाडाने पाणी घातलेला मोगरा हिरवागार राहतो आणि चार फुलं देतो. गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. त्यानंतर दीड महिन्याने पहिला बहर येतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं, त्यातल्या गुलाबांमागे हेच गणित असतं. कलमी गुलाबाला डोळा भरलेल्या जागेच्या खालून येणारी जोमदार फूट काढून टाकायला विसरू नये, ती मूळ रानगुलाबाची असते आणि वरच्या कलमाला उपाशी मारते.

शेवंतीची गोष्ट तर फारच सुंदर आहे. रात्र मोठी होऊ लागली की तिला कळी धरते. जून-जुलैत फुटवे लावावेत, महिन्याभराने शेंडा खुडावा म्हणजे फांद्या फुटतात, आणि दिवाळीच्या पुढेमागे झाड फुलतं. पण कुंडी जर रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा रात्रभर जळणाऱ्या बाल्कनीतल्या दिव्याखाली असेल, तर झाडाला रात्र मोठी झाल्याचं कळतच नाही. अशा शेवंतीला कितीही खत घाला, ती पानंच काढत राहते. कुंडी चार हात अंधारात सरकवणं हा तिचा सेंद्रिय उपाय. दसऱ्याचा झेंडू हवा असेल तर बी जुलैत पडायला हवं. तेरडा, गुलबक्षी, गोकर्ण, कर्दळ, सोनटक्का ही पावसाळी मंडळी फार काही मागत नाहीत. भाद्रपदात गौरींना लागणारा तेरडा तर आपल्या डोंगरउतारांवर आपोआप उगवतो. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी यांच्यापासून सुरुवात करावी. सावली असेल तर अबोली. कोकणात आणि गोव्यात ती परसदारी सहज होते, देशावर दुपारची सावली आणि ओलावा सांभाळला तर रुळते.

कीड-रोगांकडे वळताना एक घडलेली गोष्ट सांगितली पाहिजे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये भारतात प्रथम कोइमतूरला आढळला आणि पाहता पाहता महाराष्ट्रातही पसरला. पपई, तुती आणि घराघरांतली जास्वंद पांढऱ्या कापसाने माखली. फवाऱ्यांवर फवारे झाले, मेणचट आवरणाखालचा ढेकूण फारसा बधला नाही. २०१० मध्ये बंगळुरूच्या कृषी कीटकांवरील राष्ट्रीय संस्थेने पोर्टो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू आणले. त्यांतली अ‍ॅसेरोफॅगस नावाची इवलीशी गांधीलमाशी ढेकणाच्या अंगात अंडं घालते. ती सोडल्यावर अल्पावधीत ही कीड आटोक्यात आली. आज जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला, तर त्यांतले काही तपकिरी, फुगलेले, भोक पडलेले आहेत का ते भिंगातून पाहावं. असतील तर मदत आधीच पोहोचली आहे, आणि कोणताही जालीम फवारा त्या मदतीलाच आधी मारील.

म्हणून क्रम असा असावा: प्रथम मुंग्या. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, शत्रूंना हाकलतात, त्यांना फांदीफांदीवर नेतात. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेवर ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. मग पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून. उन्हाळ्यातला लाल कोळी केवळ एवढ्यानेच पुष्कळ कमी होतो. माखलेले शेंडे खुडून टाकावेत. एवढं करून भागलं नाही तर निंबोळी तेल, लिटरला पाच मिलिलिटर, साबणाच्या थेंबांत घोळून. तेही संध्याकाळी: त्यातला अ‍ॅझाडिरॅक्टिन हा कीडनाशक घटक उन्हात लवकर नासतो, भर उन्हात तेलाने पानं भाजतात आणि संध्याकाळी मधमाश्या कामावरून गेलेल्या असतात.

थंडीत गुलाबावर येणाऱ्या भुरीसाठी ताक फवारायची रीत आहे. ब्राझीलमध्ये वॅग्नर बेट्टिओल यांनी १९९९ साली काकडीच्या कुळातल्या झुकिनीवर पातळ केलेल्या दुधाचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि भुरीवर दुधाचा चांगला परिणाम दिसला. दुधाला असा आधार आहे, तेव्हा ताकाऐवजी एक भाग दुधात नऊ भाग पाणी घालून उन्हाच्या वेळी फवारून पाहायला हरकत नाही. पावसाळ्यातले काळे ठिपके वेगळे, ते पान तासन्‌तास ओलं राहिलं की येतात. त्यांवर फवाऱ्यापेक्षा सकाळी मुळाशी पाणी घालणं, कुंड्यांत अंतर ठेवणं आणि पडलेली पानं उचलणं जास्त लागू पडतं.

दशपर्णी अर्काबद्दल इथे स्पष्ट लिहायला हवं. त्यात कण्हेर, रुई, सीताफळ, एरंड यांची पानं महिनाभर कुजवली जातात, म्हणजे हे सरळ वनस्पतिजन्य विष आहे. शेतावर जाणत्या हातात त्याची जागा असेल, पण मुलं आणि मांजरं फिरतात त्या बाल्कनीत नाही. तंबाखूचा काढा तर मुळीच नको, निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं. झाडापासून केलंय म्हणून निर्धोक, हा समज घरच्या बागेतला सर्वांत धोकादायक समज आहे. निरुपद्रवी गैरसमजही आहेत. झेंडूच्या मुळांतल्या रसायनाने सूत्रकृमी कमी होतात हे खरं आहे, पण त्यासाठी वाफाभर झेंडू एक हंगाम वाढवावा लागतो. कोपऱ्यात लावलेलं एक रोप गुलाबाचं रक्षण करत नाही.

बाग विषमुक्त झाली की येणारे पाहुणे आपलं काम करू लागतात, त्यांना ओळखायला हवं. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर दिसणारी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी भासणारी आणि पुढे हिरवी होणारी अळी फुलपाखराची असते. कधी ती ब्लू मॉर्मनची निघते, म्हणजे २०१५ पासूनच्या आपल्या राज्य फुलपाखराची. चार पानं तिला द्यावीत. सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेल्या पोयाच्या माश्या शहरांतही आहेत, पण गच्च पाकळ्यांच्या संकरित झेंडूत त्यांच्या हाताला फारसं लागत नाही. एकेरी पाकळीचा गावठी झेंडू, तुळशीच्या मंजिऱ्या, कोरांटी, गोकर्ण यांवर त्या भरभरून येतात. गावठी वाणांच्या बाजूने माझा कौल आहे तो एवढ्यासाठीच नाही. त्यांचं बी धरता येतं, फांदी शेजाऱ्याला देता येते, जाई-जुईला दाब कलम करता येतं. संकरित झेंडूचं बी पेरून तसंच फूल येईल याची खात्री नसते, दरवर्षी पाकीट आणावं लागतं.

सेंद्रिय पद्धतीच्या मर्यादाही खऱ्या आहेत. पिटुनियाच्या भरगच्च कुंड्या किंवा प्रदर्शनातला ताटाएवढा डेलिया नुसत्या गांडूळखतावर उभा करणं अवघड. थंडीत सूक्ष्मजीव मंदावतात आणि नेमकी तेव्हाच हंगामी फुलांना भूक असते. म्हणून पेंडीचं पाणी डिसेंबरात जास्त वेळा द्यावं लागतं. बारा इंची कुंडीत मातीची जिवंत परिसंस्था पूर्णपणे उभी राहत नाही, दर वर्षी-दोन वर्षांनी माती बदलावी लागतेच. ज्यांना वर्षाचे बाराही महिने रंग हवा असेल त्यांना सदाफुली, बोगनवेल, जास्वंद यांवर भिस्त ठेवावी लागेल. ती साधी फुलं आहेत, आणि घरच्या देव्हाऱ्याला पुरेशी आहेत.

पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प करणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते, अशी सोय आणखी शहरांत हवी. त्याहून मोठी उणीव सल्ल्याची आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे चार कृषी विद्यापीठं आहेत, पुण्यात पुष्पविज्ञान संशोधनाचं राष्ट्रीय संचालनालय आहे. शेतावरच्या शेवंतीला हेक्टरी किती नत्र द्यावा याच्या शिफारशी तिथे तयार आहेत. बारा इंची कुंडीतल्या मोगऱ्याला नागपुरात कोणतं मिश्रण आणि मालवणात कोणतं, बोअरच्या पाण्यावर काय आणि धरणाच्या पाण्यावर काय, याचे प्रयोग याच संस्थांनी आपापल्या विभागात करावेत आणि चार पानांची पत्रकं रोपवाटिकांत ठेवावीत. तोवर घरातल्या माळ्याने निदान आपल्या मातीचा आणि पाण्याचा सामू जवळच्या माती परीक्षण केंद्रात तपासून घ्यावा, आणि हाडांचा चुरा त्यानंतर विकत घ्यावा.